टायटॅनिक की ऑलिम्पिक?

वाशी: रविवारी कट्ट्यावर वाद आहे. विम्यासाठी टायटॅनिकचं जुळं जहाज ऑलिम्पिकच टायटॅनिक म्हणून बुडवलं, या दाव्याला ठोस उत्तर काय?

ऐरोली: आधी विमाच बघा. जहाजाचा खर्च सुमारे १५ लाख पौंड, विमा १० लाखांचा. बुडवून तोटाच!

नौपाडा: समुद्रतळावरच्या अवशेषांतल्या प्रोपेलरच्या पंख्यावर ४०१ आहे, टायटॅनिकचा बांधणी क्रमांक. ऑलिम्पिकचा ४००. पण एवढ्यावर विसंबू नका. १९११ साली हॉक युद्धनौकेशी टक्कर झाल्यावर टायटॅनिकचे भाग ऑलिम्पिकला लावले होते, समोरचा तेच काढणार. त्यापेक्षा ए डेक (जहाजाच्या वरच्या मजल्यांपैकी एक) धरा. टायटॅनिकचा पुढचा अर्धा भाग खिडक्या लावून बंद केलेला, ऑलिम्पिकचा शेवटपर्यंत उघडा. अवशेषांत तो बंदच दिसतो.

वाशी: आणि पुढच्या बाजूच्या गोल खिडक्या? टायटॅनिकला १४ की १६, यावरूनही अदलाबदलीचा दावा करतात.

नौपाडा: टायटॅनिकलाही आधी १४च होत्या. बांधणी सुरू असतानाच दोन वाढवल्या.