गाळाच्या खोऱ्यातील नैसर्गिक हायड्रोजन : बोअरमधील टक्केवारीचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न : भूस्तर_नागपूर

मी भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. फ्रान्समधील लॉरेन खोऱ्यात, फोलश्विलेर येथील बोअरमध्ये मिथेनचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना हायड्रोजन आढळल्याचे 2023 मध्ये जाहीर झाले. सुमारे 1,100 मीटरवर 15 टक्के आणि 1,250 मीटरवर 20 टक्के असे त्याचे प्रमाण होते. त्यावरून 3,000 मीटरवर ते 90 टक्क्यांपर्यंत जाईल आणि खोऱ्यात 4.6 कोटी टन हायड्रोजन असू शकेल, असे अंदाज मांडले गेले. दोन बिंदूंमधून ओढलेली रेषा इतकी खोल नेणे योग्य आहे का? शिवाय लोहयुक्त खडक आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून हायड्रोजन तयार होत असेल, तर त्याचा शोध गाळाच्या खडकांत का घ्यायचा? वर्धा खोऱ्यात, चंद्रपूरच्या बाजूला, मातीतील वायू मोजण्याचा छोटा प्रकल्प आम्ही आखत आहोत, म्हणून हे विचारते.

उत्तर : विंधन

ही टक्केवारी पाण्यात विरघळलेल्या वायूंच्या मिश्रणातील आहे, खडकात साठलेल्या मोकळ्या वायूची नाही. हा भेद बातम्यांमध्ये हरवतो आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. साध्या तापमानाला आणि एका वातावरणाच्या दाबाला लिटरभर पाण्यात जेमतेम 1.6 मिलिग्रॅम हायड्रोजन विरघळतो. शुद्ध हायड्रोजनचा दाब शंभरपट धरला, तरी लिटरमागे सुमारे 160 मिलिग्रॅम, म्हणजे एका किलोसाठी सहा हजार लिटरहून अधिक पाणी उपसावे लागेल. तेथे हायड्रोजनचा वाटा एक-पंचमांश असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून बराच कमी येतो. खोलीबरोबर प्रमाण वाढते, एवढ्यावरून स्रोत खाली असावा असे म्हणता येते. साठा किती हे सांगता येत नाही. 3,000 मीटरचे उत्तर तिथपर्यंत खोदूनच मिळेल.

मात्र त्या मोजणीची एक बाजू भक्कम आहे. तेथे बोअरमध्ये शोधक उतरवून, पडद्यातून झिरपणारे वायू जागेवरच मोजले गेले. ड्रिलिंग चालू असताना बिट (खडक कापणारे टोक) खडकावर घासते, तापते, आणि पाण्यापासून व मडमधील (ड्रिलिंग करताना बोअरमध्ये फिरवल्या जाणाऱ्या चिखलट द्रवातील) द्रव्यांपासून स्वतःच हायड्रोजन तयार करते. मी मड लॉगिंगच्या, म्हणजे त्या द्रवासोबत वर येणारे वायू आणि खडकाचे तुकडे तपासण्याच्या, कामावर असताना अशी उसळी अनेकदा पाहिली आहे. हायड्रोजनसोबत इथिलीन आणि कार्बन मोनॉक्साइडही वाढले, तर आधी बिटवरच संशय घ्यावा. केसिंग (बोअरमधील पोलादी नळी) गंजतानाही हायड्रोजन सुटतो, त्यामुळे जुन्या बोअरमधील नमुना पुरेसे पाणी उपसल्यावरच घ्यावा.

उत्तर : खोरे_अभ्यासक

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. हायड्रोजनचा उगम बहुधा खालच्या पायाभूत खडकांत असतो : फेरस (पूर्ण ऑक्सिडीकरण न झालेल्या) लोहाची पाण्याशी अभिक्रिया होऊन, किंवा युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सारामुळे पाण्याचे रेणू फुटून. पण इतका हलका आणि चपळ वायू कुठेतरी अडला नाही, तर तो निसटतो किंवा सूक्ष्मजीव त्याचे मिथेन अथवा हायड्रोजन सल्फाइड करून टाकतात. त्याला अडवणारी सच्छिद्र खडक आणि घट्ट झाकण यांची जोडी गाळाच्या खोऱ्यात मिळू शकते.

मालीतील बुराकेबुगू येथे 1987 मध्ये पाण्यासाठी खोदलेल्या विहिरीतून आलेल्या वायूने पेट घेतला आणि ती विहीर सिमेंटने बंद करण्यात आली. सुमारे पंचवीस वर्षांनी ती उघडली, तेव्हा वायूत 98 टक्के हायड्रोजन निघाला आणि त्यावर गावाला वीज देण्यात आली. मुख्य साठा जेमतेम 110 मीटरवर, डोलोमाइटी चुनखडकात आहे आणि त्यावर डोलेराइट या अग्निजन्य खडकाच्या सिलचे (थरांमध्ये आडव्या घुसलेल्या पट्ट्याचे) झाकण आहे. वापर होऊनही दाब घटला नाही, म्हणजे खालून भर पडत असावी. माझ्या मते या विषयातील सर्वांत मोलाचे निरीक्षण हेच आहे, कारण भरणाऱ्या साठ्याचे गणित तेलसाठ्याच्या गणितापेक्षा वेगळे असते.

जुन्या तेलविहिरींच्या नोंदीत हायड्रोजन दिसत नाही, यावरूनही निष्कर्ष काढू नये. हायड्रोकार्बनसाठी वापरला जाणारा ज्वाला-आयनीभवन शोधक (नमुना ज्योतीत जाळून मोजणारे यंत्र) त्याला प्रतिसादच देत नाही, आणि हेलियम वाहक वायू (नमुना यंत्रातून वाहून नेणारा वायू) असेल तर औष्णिक वाहकतेवर चालणारा शोधकही हायड्रोजन नीट टिपत नाही. प्रयोगशाळेत आर्गॉन वाहक वायूचा आग्रह धरावा.

भूस्तर_नागपूर

दोघांचेही आभार. लॉरेनप्रमाणे आमच्याकडेही दगडी कोळसा आहे. त्याचा काही उपयोग होईल का?

उत्तर : माती_आणि_वायू

कोळशातून हायड्रोजन सुटतो, पण तो दोनशे अंशांच्या पुढे तापून, मिथेन देण्याची क्षमता जवळपास संपल्यावर. वर्धा खोऱ्यातील कोळसा त्या मानाने फारच कमी पक्व आहे, म्हणून तो स्रोत मी धरणार नाही. उलट कोळसा हायड्रोजन धरून ठेवू शकतो, एवढे लक्षात असू द्यावे.

आपल्या प्रकल्पासाठी महत्त्वाचे म्हणजे जागेची निवड. तूर, हरभरा आणि सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठी नत्र स्थिर करताना हायड्रोजन सोडतात, म्हणून अशा शेतातील वाचन भूगर्भाचे म्हणून देता येणार नाही. पडीक जमीन घ्यावी, आणि छिद्र ड्रिलने न पाडता हाताने पहारीने पाडून लगेच न मोजता काही काळ थांबावे, कारण आघातानेही हायड्रोजन तयार होतो. ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को खोऱ्यात सतत मोजणी केल्यावर चोवीस तासांचे चढउतार दिसले होते. त्यामुळे दुपारचे एकच वाचन न घेता एका जागी निदान काही दिवस-रात्र यंत्र ठेवावे. सोबत हेलियमही मोजावा. तो सूक्ष्मजीव तयार करत नाहीत, त्यामुळे दोन्ही एकत्र वाढले तरच वायू खोलवरून येत असल्याच्या शक्यतेला वजन येईल.