मदत हवी आहे : फोटोवर माउस नेल्यावर बदलणारं चित्र, आयफोनवर दोनदा टॅप

मंडळी, शेंदुरजना घाटच्या एका संत्रा नर्सरीची साइट करून देतोय. जंबेरी आणि रंगपूर या लिंबांच्या खुंटावर (खालचं मूळ रोप) बांधलेल्या कलमांचे फोटो आहेत. माउस नेला की कलमाच्या जागी कापलेलं फळ दिसतं, क्लिक केलं की कलमांच्या दराचं पान उघडतं. साधी जावास्क्रिप्ट, जेक्वेरी (तयार कोडची लायब्ररी) नाही.

क्रोम आणि फायरफॉक्समध्ये डेस्कटॉपवर बरोबर चालतं. ॲन्ड्रॉइडवरही एका टॅपमध्ये पान उघडतं. आयफोनच्या सफारीत मात्र पहिल्या टॅपला फक्त फोटो बदलतो, पान दुसऱ्या टॅपला. गिऱ्हाईक तेवढ्यात परत जातं.

माउस फोटोवर आल्याचं कळवणाऱ्या माउसओव्हर इव्हेंटऐवजी तसाच माउसएंटर लावून पाहिलं, फरक शून्य. टचस्टार्टवर (बोट टेकताच येणारा इव्हेंट) प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणारं) लावून पान स्वतःच उघडलं, तर फोटोवर बोट ठेवून स्क्रोलच होईना. ते काढून टाकलं. (पहिल्यांदा फोटो बदलताना डोळा मारल्यासारखं व्हायचं, ते दुसरा फोटो आधीच लोड करून मिटलं. ते सांगू नका.)

आता पॉइंटरएंटर (माउस, बोट दोन्हींसाठी एकच इव्हेंट) घेऊन पॉइंटरटाइप, म्हणजे इव्हेंट कशानं आला ते, माउस असेल तरच फोटो बदलायचा विचार आहे. पण नर्सरीवाल्या काकांकडे आयफोन ६ आहे, तो आयओएस १२ च्या पुढे जात नाही आणि पॉइंटर इव्हेंट सफारी १३ पासून आले. माझ्याकडे मॅक नाही, त्यामुळे फोन जोडून कन्सोल (कोडमधल्या चुका दाखवणारी खिडकी) बघता येत नाही. फोनवर चित्र नाही बदललं तरी चालेल, एका टॅपमध्ये पान उघडलं पाहिजे.

मग मॅचमीडियानं हॉव्हर (उपकरणावर माउस नुसता वर नेता येतो का) तपासून, नसेल तर माउसचे इव्हेंट जोडायचेच नाहीत, एवढं जुन्या सफारीत पुरेल का? की सीएसएसमधला हॉव्हरचा नियम, ज्यात फोटोवरची दराची पट्टी डिस्प्ले बदलून उघडते, तोही त्याच अटीत टाकावा लागेल?