अ‍ॅम्बॅसडर: मागचा मेन पाटा तुटला, इंदूरला काय करावं?

प्रश्न: मागच्या डाव्या कमानीचा (लीफ स्प्रिंगचा) मेन पाटा, म्हणजे सगळ्यात लांब पाटा, सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टच्या) भोकापाशी तुटलाय. कमानीवाला वेल्डिंग करून देतो म्हणतो. चालेल का?

उत्तर: अजिबात नको. वेल्डिंगच्या उष्णतेनं पोलादाचं पाणी (कडकपणा आणि लवचिकपणा) उतरतं, पाटा शेजारीच पुन्हा तुटतो. भोकापाशी तुटला म्हणजे बहुधा यू-बोल्ट (कमान अ‍ॅक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट) ढिले होते. दोन्ही बाजूंचे मेन पाटे बदला, नाहीतर गाडी एकीकडे झुकेल. यू-बोल्ट नवेच घ्या, जुन्यांचे आटे ताणलेले असतात.

उत्तर: पाटा बदलताना आधी पुढची चाकं अडवा, बॉडी स्टँडवर घ्या, अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक लावा. शॉक अ‍ॅब्सॉर्बरची लिंक सोडवून यू-बोल्ट काढा, मग मागचा शॅकल (कमानीचं मागचं टोक बॉडीला जोडणारी हलती कडी), शेवटी पुढच्या टोकाची पिन. बसवताना सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या पॅडमधल्या भोकात नीट बसलंच पाहिजे. नाही बसलं तर अ‍ॅक्सल तिरका राहतो, गाडी सरळ चालत नाही.

प्रश्न: कमानीच्या टोकांतल्या रबर बुशला (रबरी नळीला) बसवताना ऑइल लावू?

उत्तर: नको, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरे. शॅकल आणि पिनचे नट गाडी चाकांवर उतरवल्यावरच पक्के आवळा. लटकत्या अवस्थेत आवळले तर बुश कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. दीडदोनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा.