पाडेल्याला माडामागे किती द्यायचे?

कुळागरवाला:
गोव्यात प्रियोळला आमचे २६ माड आहेत, वडिलांच्या वेळचे. तेव्हा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा, माडामागे एक नारळ घ्यायचा, वर चहा-भाकरी. आता १०० रुपये घेतो. परवा ७ माडांचे नारळ पाडले. एकावर चारच नारळ निघाले, बाकी माकडांनी आधीच खाल्लेले. मी म्हटलं, अरे, चार नारळांचे शंभर? तर म्हणतो, "भाटकार, हांव नाल्लांचे घेना, माडाचे घेतां." भाटकार म्हणजे मी, बागेचा मालक. साडेसातला आला, दहाच्या आत सातशे घेऊन गेला. राग पैशांचा नाही. बरं, पैशांचाच आहे. तुमच्याकडे काय दर?

शिरोड्याची माहेरवाशीण:
आमच्याकडेही शंभरच. माझे बाबा पाडेली होते. पायांत काथ्याचा फास, कमरेला कोयता. छातीवर माड घासून घासून घट्टे पडलेले, लग्नकार्यातही शर्टाचं वरचं बटण लावायचे. एकदा पावसाळ्यात शेवाळलेल्या माडावरून घसरले. भाटकाराने तांदळाची गोण पाठवली, विषय संपला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चढणं सुटलं. पुढची वीस वर्षं आईने काजूच्या कारखान्यात बिया सोलल्या. तुमच्या अडीच तासांत ती वीस वर्षं कुठे धरलीत? माझ्या भावाला मात्र बाबांनी माडाला हात लावू दिला नाही.

खाजनकाठ:
२०१६ साली सरकारने माडाला वृक्षसंरक्षण कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून काढलं तेव्हा सगळा गोवा पेटला होता, मीही. पुढच्याच वर्षी माड परत आत आला. पाडेल्यासाठी मात्र कोणी घोषणा दिल्याचं आठवत नाही.
कामाचं सांगतो. नारळ विकास मंडळाचा 'केरा सुरक्षा' नावाचा अपघात विमा आहे, खास माडावर चढणाऱ्यांसाठी. हप्त्याचा मोठा वाटा मंडळच भरतं. उरलेला तुम्ही भरा, घासाघीस नंतर. चढायचं मशीनही मिळतं. मी वापरून पाहिलं, तिसऱ्या माडाला मांड्या भरून आल्या. वाकड्या माडावर तर ते नीट बसतच नाही.

कुळागरवाला:
माहेरवाशीणबाई, नाही धरली. काल त्याला फोन केला, आधार कार्ड घेऊन ये म्हटलं. घाबरलाच. "कित्याक, भाटकार? कितें जालें?" विमा समजावायला दहा मिनिटं गेली, तरी पटलेलं दिसत नाही. उरलेले १९ शुक्रवारी, दर तोच. खाजनकाठ, मशीन राहू दे, आमचे चार माड चक्क व्हाळावर, ओढ्यावर, आडवे झालेत.