बॅलन्स संपला की आईचा फोन मुका होतो, उपाय सुचवा (कीपॅड फोन, महिना दीडशे)

गडनदीकाठ (धागाकर्ता), एप्रिल २०२५
आई गावी एकटी असते, संगमेश्वर तालुक्यात. फोन साधा कीपॅडचा, टूजी, सिम प्रीपेड. पॅकची मुदत संपल्याचा मेसेज तिला दिसत नाही. शेजारच्या काकूंनी कळवलं की मग मी इथून रिचार्ज करतो. तोवर मधले आठ-दहा दिवस तिला कुणालाच फोन लावता येत नाही. बँक, गॅस, पेन्शन सगळं याच नंबरावर आहे.

तीन गोष्टी हव्यात. मुदत संपल्यावर एखादा दिवस तरी उसना मिळतो का? फक्त कॉलिंगचा स्वस्त पॅक कोणता? आणि रिचार्ज राहिलाच तर नंबर कायमचा जायला किती दिवस लागतात? बजेट महिना १५०, फार तर १६०. स्मार्टफोन कृपया सुचवू नका, तिला तो वापरायचा नाही.

वाकडकर_विनू
दादा, खरं सांगू? साधा फाइव्हजी फोन घ्या आणि रोज २ जीबीवाला पॅक टाका. जिओचा ३४९चा २८ दिवस चालतो. व्हिडिओ कॉलवर आई रोज दिसेल. दीडशेत आता काही येत नाही.

गडनदीकाठ
विनू, बजेट आणि फोन दोन्ही वर लिहिलंय हो.

काउंटरवरून
माझं रिचार्जचं दुकान आहे, म्हणून आधी मूळ घोटाळा सांगतो. "बॅलन्स संपला" म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांची संपलेली असते मुदत, पैसे नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

टॉपअप म्हणजे मुख्य खात्यातले पैसे. १० रुपयांचा टाकला की ७ रुपये ४७ पैसे जमा होतात. त्याला मुदत नसते, पण त्यानं सेवाही सुरू होत नाही. खात्यात पन्नास रुपये असले आणि पॅक संपलेला असला तर आउटगोइंग बंदच. मग घाईत कुणीतरी वीस-बावीसचा डेटा पॅक मारतं. तोही फुकट जातो, कारण तो चालू पॅकच्या डोक्यावर बसतो, स्वतःची मुदत आणत नाही. कीपॅड फोनला तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

फोन मुका होतो तोही तीन टप्प्यांत. मुदत संपली की आधी आउटगोइंग जातं. काही दिवसांनी इनकमिंग जातं. किती दिवसांनी ते कंपनीवर अवलंबून, म्हणून त्यावर भरवसा ठेवू नका. इनकमिंगबरोबर ओटीपीही थांबतात. नंबर स्वतः जातो तो सगळ्यात शेवटी.

पेणची_अनघा
फक्त कॉलिंगचे पॅक आता सगळ्यांकडे आहेत. २३ डिसेंबर २०२४ला ट्रायनं (दूरसंचार नियामक संस्थेनं) नियम बदलला, कॉल-एसएमएसचा वेगळा पॅक ठेवणं कंपन्यांना सक्तीचं केलं आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ केली. जानेवारी २०२५मध्ये आलेले भाव असे:

एअरटेल ४६९, ८४ दिवस, ९०० एसएमएस. वर्षाचा १८४९, ३६०० एसएमएस.
व्हीआय ४७०, ८४ दिवस. वर्षाचा १८४९.
जिओ ४४८, ८४ दिवस, १००० एसएमएस. मोठा १७४८, पण तो ३३६ दिवसांचा आहे, पूर्ण वर्षाचा नाही.

कॉल सगळ्यांत अमर्याद. अॅपमध्ये हे पॅक तळाशी असतात. वरच डेटावाले दिसतात, त्यामुळे "असा पॅकच नाही" असं वाटतं. "व्हॉइस" किंवा "व्हॅल्यू" नावाचा विभाग शोधा.

हिशेब, एअरटेलचा: १९९चा २८ दिवसांचा म्हणजे दिवसाला ७ रुपये ११ पैसे. ४६९चा ५ रुपये ५८ पैसे. १८४९चा ५ रुपये ७ पैसे. आणि २८ दिवसांचा पॅक वर्षात बारा नाही, तेरा वेळा भरावा लागतो हे लोक विसरतात.

सातारी_कंदी
वार्षिकच टाका. महिन्याला १५४ पडतात, तुमच्या बजेटात बसतंय. एकदा टाकलं की वर्षभर बघायला नको.

काउंटरवरून
सातारी, बरोबर. पण गावाकडं एकदम अठराशे काढणं प्रत्येकाला जमत नाही. माझ्याकडं मागणी अजून २८ दिवसांच्याच पॅकला जास्त आहे, आणि त्याचं कारण हेच.

मिस्डकॉल_मास्टर
उसन्याचं कुणीच सांगितलं नाही. एअरटेल असेल तर मुदत संपल्यावर स्टार ५६७ स्टार ३ हॅश डायल करा. एका दिवसाचं कॉलिंग आणि दीड जीबी मिळतं. ५६३२३ वरून मेसेज आला असेल तर त्याला १ असं उत्तर पाठवूनही होतं. हे फुकट नाही, पुढच्या रिचार्जमधून एक दिवस कापतात. २८चा टाकलात तर २७ दिवस मिळणार. आणि प्रत्येक नंबराला मिळत नाही, कंपनी पात्र ठरवेल त्यालाच.

जिओनं २०२१मध्ये उसना डेटा काढला होता, ११ रुपयांना १ जीबी, नंतर फेडायचा. तो डेटा आहे, कॉलिंग नाही. आईंना उपयोग शून्य.

वाकडकर_विनू
म्हणूनच म्हणतोय स्मार्टफोन घ्या.

खेडची_शुभदा
गडनदीकाठ, मेसेज दिसत नाही म्हणालात, तो मुळात फोनमध्ये येतोय का ते बघा. कीपॅड फोनमध्ये मेसेजची जागा मोजकीच असते, काहींत शे-दोनशे. कंपनीच्या जाहिरातींनीच ती भरते. भरली की वर पाकिटाचं चिन्ह लुकलुकत राहतं आणि नवा मेसेज आत येत नाही. मुदतीची सूचना नाही आणि बँकेचा ओटीपीही नाही. रेंज मात्र पूर्ण दिसते, म्हणून दोष सिमला जातो.

मेनूत मेसेज, मग इनबॉक्स, मग पर्यायांत "सर्व पुसा". आधी बँकेचे जपायचे मेसेज वहीत उतरवा. मग सेटिंगमध्ये "मेमरी स्थिती" पाहा. फोन आणि सिम अशा दोन जागा दिसतील, दोन्ही रिकाम्या करा. महिन्यातून एकदा हे करावंच लागतं.

नाशिकचा_हेम्या
रिचार्जच्या भानगडीत पडायलाच नको. खात्यात २० रुपये ठेवा, सिम चार महिने चालतं. नवा नियम आलाय, सगळीकडं फिरतोय.

पेणची_अनघा
हेमंतराव, हा नियम २०१३चा आहे, नवा नाही. त्यात फक्त नंबर राखण्याची सोय आहे, फोन चालण्याची नाही. सलग ९० दिवस नंबरावरून कॉल, एसएमएस, डेटा काहीच झालं नाही आणि मुख्य खात्यात २० रुपये किंवा जास्त असतील तर कंपनी २० कापून आणखी ३० दिवस नंबर ठेवते. पैसे असतील तोवर असंच पुढं. २०पेक्षा कमी असतील तर नंबर बंद होतो, आणि तोच नंबर परत सुरू करायला १५ दिवस मिळतात. या काळात आईंना कुणाशी बोलता येईल असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.

नाशिकचा_हेम्या
पण नंबर तर राहतो ना. त्यांनी तेही विचारलंय.

पेणची_अनघा
हो, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. म्हणून पॅक टाकून वर ६० रुपयांचा साधा टॉपअप ठेवावा. पॅक चालू असताना कॉलचे पैसे त्यातून जात नाहीत. फक्त "टॉपअप" लिहिलंय ना ते पाहून घ्या, नाहीतर दुकानदार छोटा पॅक मारून मोकळा होतो.

काउंटरवरून
६० नेमके जमा होत नाहीत, कर आणि शुल्क कापूनच येतात. शंभरचा मारा.

दापोली_ते_दादर
एक मार्ग: आईंचा फोन मामा किंवा काकूंच्या नंबरावर वळवून ठेवा. स्टार ४०१ स्टार आणि पुढं तो नंबर.

मिस्डकॉल_मास्टर
हे करू नका! स्टार ४०१वालं फॉरवर्डिंग दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४पासून बंद करायला लावलंय, कारण भामटे लोकांकडून हाच कोड डायल करून घ्यायचे आणि ओटीपीचे कॉल आपल्याकडं वळवायचे. आईंना सांगून ठेवा, फोनवर कुणी कोड दाबायला सांगितला तर दाबायचा नाही. "दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार, ९ दाबा" असा ट्रायच्या नावानं फोन आला तरी ठेवून द्यायचा. ट्राय असे फोन करत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला, फोन करायचा.

दापोली_ते_दादर
बंद झालेलं माहीत नव्हतं. वरचा सल्ला धरू नका.

उरणची_मावशी
दीडशेत बसणारं एक आहे आणि कुणी बोललं नाही. जिओभारत फोन. २०२३ला ९९९ला आला. बटणांचाच आहे. त्याचा पॅक १२३ रुपयांत २८ दिवस, कॉल अमर्याद, वर रोज अर्धा जीबी. मोठा १२३४, ३३६ दिवस.

काउंटरवरून
मावशी, चांगलं सुचवलंत. तरी घेण्याआधी तीन गोष्टी बघा. तो पॅक त्याच फोनमध्ये चालतो, सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये टाकला तर नाही. त्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. आणि जिओकडं टूजी नाहीच, सगळं फोरजी. घरात फोरजीचा सिग्नल एकच दांडी असेल तर फोन घेऊन उपयोग नाही. आधी कुणाचा तरी जिओ फोन आईंच्या माजघरात नेऊन कॉल लावून बघा, अंगणात नको.

सातारी_कंदी
वार्षिक टाका, परत सांगतो.

बोरिवली_लोकल
+१, वार्षिक. आमच्याकडं दोन्ही आज्यांना तोच आहे, बिनघोर.

पेणची_अनघा
मीही वार्षिकच म्हणेन. नंबर गेला तर काय होतं तेही लक्षात घ्या. बंद झालेला नंबर ९० दिवस कुणाला देत नाहीत, नंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. असे नंबर यूपीआयच्या नोंदींतून काढायला बँकांनी आठवड्याला यादी ताजी करायची, असं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं ३१ मार्च २०२५ची मुदत देऊन सांगितलंय. म्हणजे पेन्शनच्या खात्याला नंबर पुन्हा जोडायला आईंना शाखेत हेलपाटे. त्यापेक्षा अठराशे परवडले.

खेडची_शुभदा
आईंना न विचारता मुदत कळायची सोय करा. कंपनीच्या अॅपमध्ये तुमच्या नंबराखाली "दुसरा नंबर जोडा" असतं. ओटीपी आईंच्या फोनवर जातो, एकदाच काकूंना वाचून दाखवायला सांगा. मग मुदतीची तारीख तुमच्या फोनवर दिसते. एवढं करूनही तारीख कॅलेंडरात चार दिवस आधीची लावा. बँकेचं सर्व्हर त्याच दिवशी बसतं.

आणि रिचार्ज करताना नंबर टाइप करू नका, सेव्ह केलेल्या नावावरून निवडा. एक आकडा चुकला की पैसे परक्याच्या फोनवर, आणि परत मिळणं कठीण.

उरणची_मावशी
सगळं संपलेलं असतानाही आणीबाणीचा ११२ लागतो, पैसे नसले तरी. बऱ्याच कीपॅड फोनांत ५ किंवा ९चं बटण दाबून धरलं की तोच कॉल जातो. तुमच्या फोनमध्ये कोणतं ते एकदा पुस्तिकेत बघा आणि त्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका लावा. गंमत म्हणून दाबून मात्र बघू नका, खरा कॉल लागतो. कंपनीकडं तक्रारीचा १९८ही फुकट आहे.

गडनदीकाठ (धागाकर्ता)
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गावी फोन करून काकूंकडून पाहून घेतलं. शुभदाताई, इनबॉक्स खरंच भरलेला होता, पाकीट लुकलुकत होतं. पुसल्यावर अर्ध्या तासात सहा मेसेज आले, त्यात एक बँकेचा.

वार्षिक मात्र टाकत नाही. आमच्या वाडीत पावसाळ्यात रेंजचा भरवसा नाही. यंदा जमलं नाही तर मला हाच नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचाय, म्हणजे पोर्ट करायचंय, आणि पोर्ट केलं की उरलेली मुदत आणि खात्यातले पैसे दोन्ही बुडतात. अठराशे अडकवून बसलो तर आई म्हणेल राहू दे, वर्ष संपेपर्यंत चालवू. म्हणून आहे त्याच सिमवर ८४ दिवसांचा कॉलिंग पॅक टाकतोय. महिन्याला १६७ पडतात, बजेटच्या वर सात रुपये, ते चालेल. जिओभारतचं माजघरात कॉल लावून बघितल्यावर ठरवीन.

आज टाकला तर मुदत जुलैत संपते, ऐन पावसात. त्याच्या आठवडाभर आधी पुढचा टाकायची तारीख माझ्या आणि बहिणीच्या, दोघांच्या फोनमध्ये लावली. टॉपअप शंभरचा मारला. तारीख काकूंनी आईच्या कालनिर्णयवर लाल पेनानं लिहिली आहे.

मिस्डकॉल_मास्टर
पोर्ट करायचं ठरलं तर PORT, मग एक जागा सोडून आईंचा दहा आकडी नंबर, असा मेसेज त्याच सिमवरून १९००ला पाठवायचा. पॅकमध्ये एसएमएस नसले तरी तो जायलाच हवा, डिसेंबर २०२१मध्ये ट्रायनं कंपन्यांना तसं बजावलंय. येणारा कोड चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत, ते आधी बघा.

सातारी_कंदी
दादा, पुढच्या वर्षी तरी वार्षिक टाका.