अभिनयाचं राष्ट्रीय पारितोषिक अभिनयाला मिळतं की विषयाला?

कोपऱ्यातली_खुर्ची:
परवा 'जोगवा' परत बघितला आणि तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. उपेंद्र लिमयेला मिळालं ते जोगत्याच्या, म्हणजे देवीला सोडलेल्या पुरुषाच्या भूमिकेसाठी, मिताली जगतापला 'बाबू बँड बाजा'साठी, उषा जाधवला 'धग'साठी. तिघांचंही काम जबरदस्त आहे, त्याबद्दल वादच नाही. पण तिन्ही सिनेमे जात, गरिबी, रूढी यांवरचे. आणि दुसरीकडे अशोकमामा, त्यांना महाराष्ट्र भूषण मिळालं, 2025 मध्ये पद्मश्री पण मिळाली, फक्त सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक काही मिळालं नाही. 'बनवाबनवी'त ते सुधीर जोशींसमोर उभं राहून सरळ चेहऱ्याने थापा मारतात ना, मध्ये जेमतेम सेकंदाचा पॉज घेतात आणि तिथेच अख्खं थिएटर हसतं, हा अभिनय नाही तर काय आहे? सामाजिक विषयावरच्या सिनेमासाठी वेगळं पारितोषिक होतंच की, मग अभिनयाच्या वेळेला तरी विषय बाजूला ठेवा.

पडद्यामागे:
नाही पटलं. विक्रम गोखलेंना 'अनुमती'साठी मिळालं, त्यात कुठला आलाय सामाजिक प्रश्न? बायको व्हेंटिलेटरवर आहे आणि एका म्हाताऱ्याला कागदावर सही करायची की नाही ते ठरवायचंय, बस. आणि ते एकट्याला नाही, इरफानबरोबर विभागून. नित्या मेननला तर 2022 च्या 'तिरुचित्रंबलम'साठी मिळालं, हलकीफुलकी लव्हस्टोरी आहे ती.

तालीमवेडी:
मी नाटकात काम करते म्हणून सांगते. एका एकांकिका स्पर्धेत आमच्या मैत्रिणीने फार्समध्ये कमाल केली होती, परीक्षक नंतर म्हणाले काम छान पण विषय छोटा आहे. ती घरी जाऊन रडली. गंभीर विषय असला की प्रेक्षक आधीच हळवा होऊन बसलेला असतो, तुम्ही नुसतं गप्प उभं राहिलात तरी त्याला त्यात दुःख दिसतं. विनोदात तसं काही आयतं मिळत नाही, वाक्य अर्धा सेकंद उशिरा पडलं तर संपलं, आणि ते जमलं की लोक म्हणतात लिखाणच भारी होतं.

सांगलीकर:
तुमचं विनोदाचं बरोबर आहे ताई, पण लिमयेचं श्रेय विषयाला देऊ नका राव. साडी नेसवलेला पुरुष, आतून पुरुषच राहिलेला, आणि ती लाज त्याच्या खांद्यांत, चालण्यात दिसते, त्याला डायलॉग लागत नाही. आणि नुसता विषयच जिंकत असता तर त्याच सिनेमात मुक्ता बर्वे होती की जोगतीण म्हणून, तेवढंच ताकदीचं काम. त्या वर्षी अभिनेत्रीचं पारितोषिक प्रियांका चोप्राला मिळालं, 'फॅशन'साठी.

कोपऱ्यातली_खुर्ची:
@सांगलीकर मुक्ताचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, पटला. म्हणजे विषयामुळे बक्षीस मिळतंच असं नाही, मान्य. पण सिनेमा गंभीर असला की परीक्षक कलाकाराकडे जरा जास्त निरखून बघतात असं मला अजूनही वाटतं, आणि तालीमवेडी म्हणतेय ते तेच आहे. निखळ विनोदी भूमिकेसाठी मराठी नटाला किंवा नटीला मुख्य पारितोषिक मिळालंय असं एक तरी उदाहरण कुणाला आठवतंय का? असेल तर सिनेमाचं नाव टाका, आज रात्रीच बघतो.