दात आहेत, चणेही आहेत; मग अडते कुठे?

नदीकाठी:
कोथरूडमधल्या आमच्या वाचनकट्ट्यावर एका नवोदित लेखिकेच्या विनोदी किशोर-कादंबरीचे हस्तलिखित सध्या फिरत आहे. मते मोकळेपणाने मांडावीत असे तिनेच सुचवल्यामुळे हा धागा काढत आहे. पुस्तक अद्याप अप्रकाशित असल्याने नाव देत नाही. ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात असे: १८९७ च्या प्लेगमध्ये शुक्रवार पेठेतला एक मुलगा व्हॅम्पायर होतो आणि तेव्हापासून सोळा वर्षांचाच राहतो. वसतिगृहाची खोली हाच त्याला सुरक्षित निवारा असल्याने दर दोन-तीन वर्षांनी नवा दाखला पैदा करून पुन्हा अकरावीला प्रवेश घेणे त्याच्या नशिबी आले आहे. उन्हाने कातडी भाजते म्हणून तो सनकोट, हातमोजे आणि डोळे तेवढे उघडे ठेवणारा स्कार्फ अशा थाटात दुचाकीवरून हिंडतो आणि पुण्यात कुणालाही त्याचा संशय येत नाही.

पूर्वार्धातले रक्तदान शिबिराचे प्रकरण तर केवळ लाजवाब आहे. आवडत्या मुलीच्या आग्रहाखातर नायक गणेश मंडळाच्या मांडवात रांगेला लागतो. अठरा पूर्ण असल्याशिवाय रक्त घेत नाहीत, म्हणून तो अर्जावर खरे जन्मवर्ष, म्हणजे १८८१, लिहून मोकळा होतो; टेबलामागच्या बाई ती लेखणीची चूक समजून १९८१ करतात आणि ‘चाळिशी उलटल्यासारखे वाटत नाही हो’ म्हणून कौतुकही करतात. पुढे बोटातून काढलेला थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात बुडायला हवा, तो काही केल्या बुडत नाही, आणि या रक्तपिपासू महाशयांना ‘अंगात रक्त कमी आहे, खजूर आणि बीट खात जा’ असा सल्ला देऊन परत पाठवले जाते.

एवढे जमल्यावर लेखिका अचानक प्लेगच्या काळात जाते, तिथे दीर्घकाळ रेंगाळते, आणि परत येते ती थेट वेताळ टेकडीवर जमणाऱ्या व्हॅम्पायर-शिकाऱ्यांच्या गुप्त टोळीत. एका पुस्तकात तीन पुस्तके कोंबली आहेत. माझे स्पष्ट मत असे की प्लेगचे प्रकरण काढून टाकावे.

तळटीप:
मी नेमक्या उलट मताची आहे. प्लेगचे प्रकरण काढले तर उरेल ती विनोदी प्रसंगांची माळ, आणि माळेला दोरा नसेल. निमंत्रणाशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही, हा स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’पासून सर्वांना ठाऊक झालेला नियम, ती कादंबरीही १८९७ मधलीच. त्याच वर्षी मार्चपासून पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीचे गोरे सोजीर घरोघरी झडत्या घेत होते, आणि त्या अपमानाची परिणती २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात झाली. लेखिकेने या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. सकाळी बुटांसकट देवघरापर्यंत गेलेल्या सोजिरांना कुणी बोलावले नव्हते. रात्री स्वतःच्याच घरी परतलेला मुलगा मात्र दारात खोळंबून राहतो, कारण प्लेगच्या विलगीकरण छावणीत गेलेला मुलगा परत येत नसतो हे ठाऊक असलेली त्याची आई कंदील वर धरून पाहत राहते आणि ‘ये’ एवढे म्हणत नाही. हे पान वाचल्यावरच कळते की पूर्वार्धात तो मित्रांच्या घरी जाताना ‘आत येऊ का?’ असे का विचारत होता, ज्याला आपण तोवर हसत होतो. माझा आक्षेप आहे तो शिकाऱ्यांच्या टोळीला.

औंधकर:
मूळ प्रश्नालाच कुणी हात घालत नाही. सोळाव्या वर्षी अडकून पडलेला अविवाहित मुलगा आपल्याकडे शतकानुशतके पिंपळावर बसलेला आहे. त्याला मुंजा म्हणतात. तो सोडून परदेशी भूत कशाला आणायचे? शिवाय ऊन लागताच व्हॅम्पायर भस्म व्हायला हवा. हा तर एम-८० वर लक्ष्मी रस्त्याने फिरतो.

तळटीप:
उन्हाने मरण्याचा नियम १९२२ च्या जर्मन मूकपटाने रूढ केला; स्टोकर यांचा सरदार दिवसाही लंडनमध्ये वावरतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा मर्यादित असते. त्यामुळे तिथे लेखिका चुकलेली नाही. मुंज्याबद्दल म्हणाल तर तो आपल्या झाडाला बांधलेला असतो, त्याला अकरावीच्या प्रवेशाच्या याद्या पाहत हिंडता येणार नाही. वसतिगृहाच्या आवारातला पिंपळ पाहून नायक ‘या बाबाला निदान कायमचा पत्ता तरी आहे’ असे म्हणतो, ते वाक्य बहुधा आपल्या नजरेतून सुटले.

नदीकाठी:
तळटीप, आईचे ते पान उत्तम आहे याबद्दल दुमत नाही. परंतु वाचक तेरा-चौदा वर्षांचा आहे, आणि मोरचुदाच्या थेंबावर पोट धरून हसलेल्या मुलाला पुढच्याच पानावर विलगीकरणाच्या छावणीत नेऊन सलग चाळीस पाने बसवून ठेवणे हा रसभंगच होय. ते प्रकरण तुकडे करून पेरले, म्हणजे प्रत्येक नव्या उंबऱ्यापाशी जुन्या उंबऱ्याची एखादीच आठवण आली, तर मला ते चालेल. सलग मात्र नको.

तळटीप:
तुकडे केले तर आईचा प्रसंग शेवटच्या उंबऱ्यापर्यंत राखून ठेवावा लागेल, आणि त्यासाठी त्या मुलीच्या घरी नायकाला कुणी बोलावते की नाही, यावर कादंबरी संपवावी लागेल. सध्या ती टेकडीवरच्या पाठलागावर संपते, जिथे उंबराच नाही. म्हणून टोळी जावीच. त्यातला तो निवृत्त हेडक्लार्क, जो प्रत्येक पाठलागाआधी रिक्षाभाड्याची पावती मागतो, तेवढा वाचवावा; रक्तदान शिबिरात अर्ज तपासायला त्याच्यासारखा माणूस मिळायचा नाही, आणि १८८१ हे वर्ष दुरुस्त न करता तो वरिष्ठांकडे पाठवील.